द्विपंखी विमानाची प्रतिकृती आणि अवयवीचा प्रश्न

विमानाची प्रतिकृती घडवताना मूळ विमानातले नेमके काय तिच्यात उतरते, हा वस्तू आणि तिचे भाग यांविषयीच्या जुन्या भारतीय वादाशी जोडलेला प्रश्न आहे. ‘मिलिंदपञ्ह’ या बौद्ध ग्रंथात भिक्खू नागसेन राजा मिलिंदाला विचारतो, की चाक म्हणजे रथ का, की आस, की जू? भागांवाचून रथ सापडत नाही. ‘रथ’ हे भागांच्या आधाराने दिलेले नाव आहे. न्यायदर्शनाच्या अनुयायांना, म्हणजे नैयायिकांना, हे मान्य नाही. एक भाग धरून ओढला की सगळी वस्तू सोबत येते. म्हणून अवयवांत राहणारा, पण त्यांच्याहून वेगळा असा अवयवी, म्हणजे अखंड वस्तू, ते मानतात.

पहिल्या महायुद्धातले ‘बी.ई.२सी’ हे ब्रिटिश द्विपंखी विमान या वादासाठी फार नेमके उदाहरण आहे. त्याचा एकही पंख एकट्याने टिकणारा नव्हता. लाकडी सांगाड्यावर ताणलेले कापड, दोन पंखांमधले उभे खांब आणि तिरप्या तारा मिळून ताकद येई. काही तारा उड्डाणात पंखांवरचा उचल-भार पेलत, काही जमिनीवर पंखांचे वजन धरत. एक तार जास्त आवळली, की साऱ्या पंखाची ठेवण बिघडे. नैयायिकांचा अवयवी इथे हाताला लागतो.

विमानाच्या पंखांचा विस्तार सुमारे ११.३ मीटर, १:४८ प्रमाणात तो साडेतेवीस सेंटिमीटर होतो. तयार संच न घेता, मूळ आराखड्यांवरून प्रत्येक फासळी कापणारा कारागीर सगळे संबंध जागच्या जागी आणतो. पण घनफळ १,१०,५९२ पटींनी घटलेले असते. तारांच्या जागी ओवलेल्या नायलॉनच्या दोऱ्यावर भार येतच नाही, जोड गोंदाने टिकतात. बौद्ध तत्त्वज्ञ धर्मकीर्तीच्या मते खरे ते, जे कार्य घडवते. त्या कसोटीवर प्रतिकृती विमान नव्हे. मात्र तिचेही एक कार्य आहे, ज्ञान देण्याचे. आणि ते कमी प्रतीचे मानणे चूक ठरेल.

हे ज्ञान सुखाचे नसते. विमान-अभियंते एडवर्ड बस्क यांच्या संशोधनामुळे बी.ई.२सी हवेत आपोआप समतोल राखी. टेहळणीला ते उत्तम होते. नोव्हेंबर १९१४ मध्ये याच प्रकारच्या विमानाला हवेत आग लागून बस्क मरण पावले. पुढे जर्मनांच्या फोकर लढाऊ विमानांसमोर हीच स्थिरता घातक ठरली, कारण चटकन वळणे त्याला जमेना. टेहळणी करणारा निरीक्षक पुढच्या आसनावर, पंखांच्या मधोमध बसे. कारागीर त्या आसनाभोवती खांब बसवून तारा ओवतो, तेव्हा निरीक्षकाच्या बंदुकीला मोकळी दिशा जवळपास उरत नाही, हे त्याला बोटांनी कळते. ज्या बांधणीने विमान एकसंध राहिले, तिनेच निरीक्षकाला जखडून ठेवले होते.