लायरा आणि 'सगळं ठीक होईल'

आमच्या घरी रात्री झोपण्यापूर्वी मोठ्याने पुस्तक वाचायची पद्धत आहे. इंग्लंडात वाढणाऱ्या मुलीच्या कानावर रोज थोडं तरी मराठी पडावं, हा त्यामागचा सरळ हेतू. इसापनीती झाली, चांदोबाचे जुने अंक झाले, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे झाला. लेकीला अकरावं वर्ष लागलं आणि तिने जाहीर केलं, "बाबा, आता पुस्तक मी निवडणार. आणि ते इंग्रजी असणार." लोकशाही असल्यामुळे माझा पराभव झाला. तिने आणलेलं पुस्तक म्हणजे फिलिप पुलमन यांचं 'नॉर्दर्न लाइट्स'.

हे पुस्तक 1995 साली आलं. 'द सटल नाइफ' 1997 साली आणि 'द अंबर स्पायग्लास' 2000 साली येऊन ही त्रयी पूर्ण झाली. तिसऱ्या भागाला 2001 सालचा व्हिटब्रेड 'बुक ऑफ द इयर' हा सन्मान मिळाला. मुलांसाठी लिहिलेल्या पुस्तकाला तो मान प्रथमच मिळत होता. नायिका आहे लायरा नावाची अकरा-बारा वर्षांची मुलगी. आपल्या ऑक्सफर्डसारख्याच, पण दुसऱ्या विश्वातल्या ऑक्सफर्डमध्ये ती एका कॉलेजात विद्वानांच्या धाकात (म्हणजे फारशा धाकात नाहीच) वाढते. छपरांवर चढते, पोरांच्या टोळ्या करून चिखलात लढाया करते आणि धडधडीत खोटं बोलते. तिच्या जगात प्रत्येक माणसाचा आत्मा प्राण्याच्या रूपाने त्याच्या सोबत हिंडतो. त्याला तिथे 'डीमन' म्हणतात. लायराच्या डीमनचं नाव पँटालायमन. माणूस आणि त्याचा डीमन एकमेकांपासून दूर जाऊ शकत नाहीत. गेले तर जीवघेण्या वेदना होतात.

गोष्ट काळोखी आहे, हे आधीच सांगतो. मुलं पळवली जातात. उत्तरेकडे बर्फात बोल्वांगार नावाच्या ठिकाणी त्यांना त्यांच्या डीमनपासून कापून वेगळं करण्याचे प्रयोग चालतात, आणि ते करणारे लोक राक्षस नसतात. सभ्य, नीटनेटके, फायली सांभाळणारे लोक असतात. पहिले काही दिवस मी पानं गाळून वाचत होतो. लेकीने पकडलं. "बाबा, तू काहीतरी स्किप करतोयस. मला कळतं."

हे वाचन चालू असतानाच सांगलीहून दादाचा फोन आला. आईला कॅन्सर असल्याचं निदान झालं होतं आणि तो बराच पसरला होता. दादा शेवटी म्हणाला, "आईला सांगितलेलं नाही. अल्सर आहे म्हणून सांगितलंय. तूही काही बोलू नकोस." मी "बरं" म्हणालो. आपल्यापैकी बहुतेकांनी हेच म्हटलं असतं. फोन ठेवून वळलो तर लेक जिन्यावर उभी. "आजी बरी होईल ना?" मी म्हणालो, "हो गं, सगळं ठीक होईल."

ती मान डोलावून झोपायला गेली. त्या रात्री तिने पुस्तक मागितलं नाही.

'सगळं ठीक आहे' हे परदेशस्थ मराठी माणसाचं राष्ट्रगीतच म्हणायला हवं. रविवारच्या फोनवर दोन्ही बाजूंनी ते म्हटलं जातं. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत कृष्णेचा पूर आला तेव्हा आई फोनवर म्हणाली, "थोडं पाणी आलंय, काळजी करू नकोस." नंतर कळलं, खालचा मजला पाण्यात होता आणि ती वरच्या मजल्यावर शेजारच्या दोन कुटुंबांना पिठलं-भात करून घालत होती. मीही काही कमी नाही. एकदा कॉन्ट्रॅक्ट संपून पाच महिने घरी बसलो होतो, तेव्हा दर रविवारी "काम जोरात चालू आहे" असं सांगत होतो. धंद्याने मी आयटी सल्लागार. आमच्याकडे प्रोजेक्टचा अहवाल लाल, पिवळा, हिरवा अशा रंगांत द्यायचा असतो. जो अहवाल बाहेरून हिरवा आणि आतून लाल असतो त्याला आम्ही कलिंगड म्हणतो. रविवारचे आमचे फोन म्हणजे पंचवीस वर्षांची कलिंगडं.

यात वाईट काय? हेतू तर प्रेमाचाच आहे. खोटं बोलून कुणाचं मन चार दिवस शांत राहत असेल तर ते खोटं खऱ्यापेक्षा बरं नाही का? हा प्रश्न मला त्या आठवड्यात छळत होता, आणि गंमत म्हणजे त्यावर विचार करायला मदत झाली ती एका अट्टल खोटारड्या मुलीची.

लायराचं खोटं बोलणं हा तिचा दोष म्हणून दाखवलेला नाही. चिलखती अस्वलांच्या कपटी राजाला ती थापा मारून असं गुंडाळते, की त्यामुळे तिच्या मित्राचा, आयोरेक नावाच्या अस्वलाचा, जीव वाचतो आणि त्याचं राज्य त्याला परत मिळतं. आयोरेक खूश होऊन तिला 'सिल्व्हरटंग' असं नाव देतो. म्हणजे रुपेरी जिभेची. आपली सावित्री तरी काय करते? यमाशी बोलत बोलत ती अशा शब्दांत वर मागून घेते, की यमाला सत्यवानाला परत द्यावंच लागतं. बलवानापुढे दुबळ्याच्या हातात शब्द एवढंच हत्यार असतं. ते तिने वापरलं तर तिला दोष कसा द्यावा?

पण तिसऱ्या भागात लायरा मृतांच्या प्रदेशात जाते. का जाते, ते महत्त्वाचं आहे. रॉजर हा कॉलेजच्या स्वयंपाकघरातला पोरगा तिचा जिवलग मित्र. त्याला वाचवायला ती उत्तरेत गेली आणि नकळत त्याला मृत्यूच्या दारात नेऊन सोडलं. तिच्या स्वतःच्या बापाने आपल्या प्रयोगासाठी रॉजरचा बळी घेतला. तिला रॉजरची माफी मागायची आहे, एवढंच. त्यासाठी पँटालायमनला किनाऱ्यावर सोडून, आपल्या आत्म्यापासून तुटून, तिला नावेत बसावं लागतं.

त्या प्रदेशाच्या दारावर हार्पी असतात, बाईचं तोंड आणि गिधाडाचं अंग असलेल्या. लायरा सवयीप्रमाणे आपल्याबद्दल एक फर्मास बनावट कहाणी सुरू करते, आणि हार्पी किंचाळत तिच्यावर झडप घालते. 'लायर, लायर' म्हणजे खोटारडी असं ती ओरडते, आणि त्या आवाजात 'लायरा' आणि 'लायर' हे शब्द एकच होऊन जातात. मी हे मोठ्याने वाचत होतो. वाचताना माझा आवाज जरा अडखळला.

पुढे आत गेल्यावर मेलेल्या मुलांची भुतं तिला म्हणतात, आम्हाला जगाबद्दल काही सांग. या वेळी ती खरं सांगते. ऑक्सफर्डच्या चिखलातल्या लढाया, तिथले वास, ऊन, पोरांचा दंगा. आणि बघते तर त्या भयंकर हार्पी गुपचूप बसून ऐकत असतात. खोट्याने त्यांचं पोट भरत नाही, खऱ्याने भरतं. मग करार होतो. जो मृतात्मा आपल्या आयुष्याची खरी गोष्ट सांगेल त्याला हार्पी बाहेरच्या उजेडाची वाट दाखवतील.

शत्रूला फसवणं वेगळं आणि आपल्या माणसाशी खोटं बोलणं वेगळं, हे मला इथे उमगलं. राजाला मारलेल्या थापेत लायरा एकटी, दुबळी होती. आईशी बोलताना दुबळं कोण होतं? ती की आम्ही? आम्ही दोघे भाऊ, डॉक्टर, अख्खं घर, एवढ्या सगळ्यांना जे ठाऊक ते फक्त तिला ठाऊक नव्हतं, आणि शरीर तर तिचं होतं. आम्ही परस्पर ठरवून टाकलं होतं की तिला हे पेलणार नाही. पुराच्या पाण्यात दोन कुटुंबांना जेवू घालणाऱ्या बाईला! प्रेमापोटी बोललेल्या खोट्यातही हा एक निर्णय दडलेला असतो, समोरच्याच्या ताकदीबद्दलचा. आणि शांत राहतं ते मन बहुतेक वेळा खोटं बोलणाऱ्याचंच.

मग आशेचं काय? लायरा आशावादी आहे असं सगळे म्हणतात. मलाही तसंच वाटायचं. पण बारकाईने पाहिलं तर 'शेवट गोड होणार' असा तिचा दावा कुठेच नाही. पहिल्या भागात तिला टोनी नावाचा मुलगा सापडतो. त्याचा डीमन कापून टाकलेला आहे, आणि त्या जागी एक सुकट मासा तो छातीशी धरून बसला आहे. लायराला पहिल्यांदा किळस येते, पळून जावंसं वाटतं. ती पळत नाही. त्याला सोबत घेऊन येते. तू बरा होशील असं खोटं सांगण्यासारखं तिथे काही उरलेलंच नसतं. टोनी दगावतो. मोठी माणसं त्याचा मासा काढून कुत्र्यांना टाकतात तेव्हा ती संतापते, आणि एका नाण्यावर त्याच्या डीमनचं नाव कोरून ते त्याच्या तोंडात ठेवते. उपयोग काय? काहीच नाही. पण ही मुलगी 'उपयोग काय' विचारून थांबत नाही.

रॉजरच्या बाबतीतही तेच. सावित्रीने नवरा परत आणला. नचिकेत यमाच्या दारी तीन रात्री उपाशी राहिला आणि मृत्यूचं ज्ञान घेऊन आला. लायरा रॉजरला परत आणू शकत नाही. तो मोकळ्या हवेत येतो आणि आनंदाने विरून जातो. तिच्या हाती काय आलं? माफी मागितल्याचं समाधान आणि त्याच्या मागून बाहेर पडणाऱ्या असंख्य आत्म्यांची सुटका. आशा म्हणजे निकालाचं भाकीत नव्हे. निकाल माहीत नसताना, किंवा वाईट आहे हे माहीत असतानाही, 'आता मी करण्यासारखं काय आहे' हे विचारत राहणं म्हणजे आशा. 'सगळं ठीक होईल' हे वाक्य तर या प्रश्नाचं दारच लावून टाकतं. सगळं ठीकच होणार असेल तर कुणी काही करायचं उरतच नाही.

दुसरी बाजूही खरी आहे. हिचं म्हणणं पडलं, "सत्य म्हणजे काही दगड नव्हे, नेम धरून मारायला. काही माणसांना नसतं सगळं ऐकायचं." बरोबर आहे. म्हणून सांगलीला गेल्यावर मी आईला काही सांगितलं नाही. विचारलं. "आई, रिपोर्टबद्दल तुला काय काय जाणून घ्यायचंय?" ती भाजी निवडत होती. थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "मला कळलंय रे. अल्सरला कुणी एवढ्या लांब तपासायला नेत नाही. दादाला त्रास नको म्हणून बोलले नाही." दाराशी उभा असलेला दादा तिथेच खाली बसला. महिनाभर एकाच घरात दोन माणसं एकमेकांना वाचवत होती आणि दोघंही एकटी होती.

त्यानंतर आई साडेचार महिने होती. सगळं ठीक झालं नाही. पण लेक रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर तिच्याशी बोलायची. मी लेकीला माझं पहिलं उत्तर खोटं होतं हे सांगितलं होतं. ती एवढंच म्हणाली, "मला माहीत होतं, बाबा." मग तिने आजीला गोष्टी विचारायला सुरुवात केली, खऱ्या गोष्टी. आजी कुठल्या विहिरीत पोहायला शिकली, कॉलेज का सोडावं लागलं, आजोबांशी लग्न करायचं तिच्या मनात होतं की नव्हतं. मी पन्नाशीला आलो, पण यातलं निम्मंही मला माहीत नव्हतं. आईच्या चेहऱ्यावर एक वेगळीच टवटवी दिसायची. जणू इतक्या वर्षांत कुणी तिला 'कशी आहेस' याच्या पलीकडे काही विचारलंच नव्हतं.

ऑक्सफर्डचं बोटॅनिक गार्डन 1621 सालचं, ब्रिटनमधलं सर्वांत जुनं. त्याच्या आतल्या भागात एक साधा लाकडी बाक आहे. गोष्टीच्या शेवटी लायरा आणि तिचा सखा विल यांना आपापल्या विश्वात परतावं लागतं, कायमचं. वर्षातून एकदा, 24 जूनला, भर दुपारी तासभर दोघांनी आपापल्या विश्वातल्या याच बाकावर बसायचं, असं ते ठरवतात. एकमेकांना दिसणार नाहीत, तरी बसायचं. वाचक या बाकापाशी आवर्जून येतात.

आई गेल्यानंतरच्या जूनमध्ये लेकीने तिथे नेण्याचा हट्ट धरला. आम्ही बसलो. तिने एक वही आणली होती. आजीने सांगितलेल्या गोष्टी तिने रोमन अक्षरांत, मोडक्यातोडक्या मराठीत लिहून ठेवल्या होत्या. त्यातली विहिरीची गोष्ट तिने मला वाचून दाखवली. मध्ये एका शब्दाला अडली. "बाबा, 'रहाट' म्हणजे काय?"

मी सांगितलं. या वेळी काहीही न गाळता.