दुःखातली उपकारस्तुती

सुखात देवाची आठवण राहत नाही आणि दुःखात देवाचा राग येतो, ही मनुष्यमात्राची रीत आहे. म्हणून दुःखातच देवाचे उपकार मानणारा कोणी भेटला म्हणजे आपण थबकतो. हा शहाणा म्हणावा की वेडा? की नुसते तोंडदेखले बोलतो? या प्रश्नाचा आज थोडा विचार करू, आणि त्यासाठी ख्रिस्ती भक्तांकडे पाहू. वाचकांनी दचकू नये. रेव्हरंड ना. वा. टिळक आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी पोचलो असे सांगत. त्याच पुलावरून आपण पलीकडे डोकावून आलो तर गळ्यातली माळ काही तुटत नाही.

या आभाराला ख्रिस्ती मराठीत 'उपकारस्तुती' असा गोड शब्द आहे. पौल हा त्यांचा प्रेषित. त्याने फटके खाल्ले, तुरुंग भोगला. त्याने थेस्सलनीका येथील मंडळीला पत्र लिहिले की कोणत्याही प्रसंगात देवाचे उपकार माना. आम्ही पडलो पाठशाळेत वाढलेले, आमचे लक्ष आधी विभक्तीकडे जायचे! येथे सप्तमी आहे. दुःखाबद्दल आभार मान असे तो सांगत नाही, दुःखात मान असे सांगतो. दोहोंत फार अंतर आहे. पोटचे पोर गेले म्हणून कोणी आभार मानीत नाही. पोर गेले तरी देव पाठीशी आहे, म्हणून मानतो.

तुकोबांच्या काळीच जर्मनीत तीस वर्षांचे युद्ध (1618 ते 1648) पेटले होते. आयलेनबुर्ग गावी मार्टिन रिंकार्ट नावाचा धर्मगुरू होता. 1637 साली तेथे महामारी आली. त्या एका वर्षात त्याने 4,000 हून अधिक माणसांना मूठमाती दिली, त्यांत त्याची स्वतःची बायकोही होती. त्याच सुमारास त्याने रचलेले देवाच्या आभाराचे गीत ख्रिस्ती मंडळी आजही गातात. इकडे देहूत 1630 च्या दुष्काळात तुकोबांची पहिली बायको व मुलगा गेला, दुकान बसले. आणि तुकोबा देवालाच म्हणतात, दिवाळे निघाले ते बरे झाले! आपण प्रारब्ध म्हणतो, ते देवाचा हेतू म्हणतात. सिद्धान्त निराळे खरे, पण डोळ्यांतले पाणी एकच.

आता आपल्या महाराष्ट्रातले उदाहरण घ्या. अनंतशास्त्री डोंगरे हे आमच्यासारखेच पुराण सांगणारे. बायकोमुलांसह तीर्थे करीत ते पुराण सांगत फिरत. दक्षिणेतल्या दुष्काळात ते गेले, पत्नी गेली, थोरली मुलगी गेली. मागे राहिलेली मुलगी म्हणजे पंडिता रमाबाई. पुढे 1880 साली भाऊ आणि 1882 साली पती वारले. 1883 साली त्या इंग्लंडात ख्रिस्ती झाल्या. त्यावरून त्या काळी मोठा वाद झाला, तो येथे उकरून काढायचा नाही. पाहायचे ते हे, की 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या उपाशी मुली व विधवा त्यांनी शेकड्यांनी आणल्या, पुढे पुणे जिल्ह्यात केडगावला ठेवून अन्न, वस्त्र, विद्या दिली. 1921 साली एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, तरी बायबलाचे मराठी भाषांतर त्यांनी सोडले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी त्यांनी देह ठेवला. स्वतःच्या दुःखात त्या देवाचे उपकार मानीत आणि दुसऱ्याच्या भुकेपुढे ताट ठेवीत. आम्हांला सगळे मर्म यातच दिसते.

बायबलात ईयोबाची कथा आहे. संपत्ती गेली, संतती गेली, अंगभर फोड आले. देवानेच दिले, देवानेच नेले, असे म्हणून त्याने प्रथम देवाला वंदन केले. मग मात्र तो देवाशी कडकडून भांडला. तुकोबाही भांडतात. भक्ताला ती मोकळीक आहे. ईयोबाचे तीन मित्र समाचाराला आले. सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर चांगले होते. मग लागले बोलायला, की तुझेच काही पाप असले पाहिजे! शेवटी देव रागावला तो भांडणाऱ्या ईयोबावर नव्हे, त्या उपदेश करणाऱ्या मित्रांवर.

आम्हां कीर्तनकारांनी ही कथा गाठीला बांधून ठेवावी. आमचे लासलगाव कांद्याच्या बाजारासाठी देशभर प्रसिद्ध. कधी गारपिटीने उभे पीक झोडपून निघते, कधी लिलावात भाव असा पडतो की गाडीभाडे आणि हमालीसुद्धा सुटत नाही. अशा वेळी बांधावर डोके धरून बसलेल्याला 'देवाची इच्छा, उपकार मान' असे म्हणणे हा परमार्थ नव्हे. हा निष्ठुरपणा, आणि वर त्याला देवाच्या नावाची शाल! भागवतात कुंतीने श्रीकृष्णापाशी विपत्ती मागितली हे खरे. पण ती आपल्या घरासाठी मागितली, शेजारणीच्या घरासाठी नव्हे.

तेव्हा आम्हांला उमगलेला निवाडा असा: उपकारस्तुती ही भोगणाऱ्याने करायची. पाहणाऱ्याने करायची ती मदत. शेजाऱ्याचे पीक गेले तर आधी त्याच्या ओट्यावर जाऊन मुकाट बसावे. तो उसने मागायला येण्याआधी आपण बियाणे पोचवावे, त्याच्या पोरांच्या वह्या-पुस्तकांचे पाहावे. आणि मग एकादशीला त्यानेच टाळ हाती घेऊन 'पांडुरंगा, तुझे उपकार' असे म्हटले, तर त्याच्या पायांवर डोके ठेवावे. तो अधिकार त्याने सोसून मिळवला आहे.

परंपरा सांगते की दिवाळे निघाल्यावर तुकोबांनी लोकांकडून येणे असलेल्या पैशांची आपल्या वाट्याची खतपत्रे इंद्रायणीत सोडून दिली. आपण बुडाले आणि दुसऱ्याचे ऋण फेडून टाकले. दुःखात देवाचे उपकार खरोखर मानले की नाही, याची ओळख अशी दुसऱ्याच्या दारी पटते. रामकृष्ण हरि.