जोखीम कोणाची?

विमा म्हटलं की तुमच्याही डोळ्यांसमोर एलआयसीचा एजंट येत असेल. घरातला कमावता माणूस गेला, तर मागे राहिलेल्यांचे हाल होऊ नयेत, एवढा साधा हिशोब. ज्याला संकट पेलवणार नाही, त्याच्यासाठी विमा. आज मात्र मी एका वेगळ्या विम्याबद्दल लिहितो आहे.

डीएफसी ही अमेरिकी सरकारची वित्तसंस्था आफ्रिकेतल्या खनिज प्रकल्पांना कर्ज देते आणि 'राजकीय जोखमी'चा विमाही उतरवते. तिथल्या सरकारने मालमत्ता ताब्यात घेतली, दंगलीत नुकसान झालं किंवा नफा डॉलरमध्ये बदलून बाहेर नेता आला नाही, तर गुंतवणूकदाराला भरपाई मिळते. विम्याचा हप्ता तोच भरतो, हे खरं. पण संस्थेच्या शब्दामागे अमेरिकेचा खजिना उभा असतो. म्हणजे आपल्यापैकी जे इथे कर भरतात, ते सगळेच या व्यवहाराचे जामीनदार आहेत.

मोझांबिकमधल्या बलामाचं उदाहरण घ्या. तिथे बॅटरीसाठी लागणाऱ्या ग्रॅफाइटची मोठी खाण आहे. डीएफसीने तिच्यासाठी 15 कोटी डॉलरपर्यंतच्या कर्जाचा करार 2024 मध्ये केला. त्याच वर्षी पुनर्वसनाच्या जुन्या तक्रारी घेऊन काही शेतकऱ्यांनी खाणीची वाट अडवली. ऑक्टोबरच्या निवडणुकीनंतर देशभर असंतोष उसळला. डिसेंबरात कंपनीला जाहीर करावं लागलं की काम हाताबाहेरच्या कारणाने थांबलं आहे आणि कर्जाच्या अटीही मोडल्या आहेत. सावकाराच्या वहीत याची नोंद 'जोखीम' अशी होते. शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र ती त्याची जमीन आहे, आणि वाट अडवणं हाच त्याच्याकडे उरलेला उपाय.

हे वाचताना कोकणातल्या माणसाला गुहागर आठवेल. डीएफसीच्या आधी हेच काम ओपिक ही संस्था करत असे. डिसेंबर 2019 मध्ये डीएफसीने तिची जागा घेतली. एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पाला ओपिकचं कर्जही होतं आणि विमाही. 1997 मध्ये विरोध करणाऱ्या गावकऱ्यांनी लाठ्या खाल्ल्या, वेलदूरमध्ये बायकांनाही अटक झाली. 2001 मध्ये प्रकल्प बंद पडला, त्यानंतर काही काळाने ओपिकने गुंतवणूकदारांचे दावे चुकते केले. पुढे 2004 मध्ये अमेरिकी सरकारने भारत सरकारविरुद्ध लवादाची मागणी केली. भरपाई दिली की वसुलीचा हक्क विमा उतरवणाऱ्याकडे येतो, असाच हा व्यवहार असतो. गुंतवणूकदाराच्या डोक्यावरची जोखीम अशी फिरत फिरत यजमान देशाच्या जनतेवर येते. वेलदूरच्या बायकांचा विमा कुणी उतरवला होता?

तुम्ही म्हणाल, हमी नसेल तर भांडवल येणार नाही, आणि अमेरिका मागे सरली तर चीन आहेच. मुद्दा खरा आहे. खाण बंद पडली की स्थानिक मजुराची रोजीही जाते. अंगोलातल्या लोबितो बंदरापासून काँगोच्या सीमेपर्यंत सुमारे 1,300 किलोमीटरचा रेल्वेमार्ग आहे. त्याच्या दुरुस्तीसाठी डीएफसीने 55 कोटी डॉलरहून अधिक कर्ज देऊ केलं, त्याचा उपयोग तिथल्या लोकांनाही होऊ शकतो. बॅटरीवरची गाडी मीही चालवतो. खाणीच नकोत, असं म्हणण्याचा अधिकार मला नाही.

पण जामीन राहणाऱ्याला अटी घालण्याचा अधिकार असतो. तुमच्या भावाच्या घरकर्जाला जामीन राहताना तुम्ही कागद वाचताच ना? डीएफसीचे पर्यावरणाचे आणि पुनर्वसनाचे नियम आहेत, तक्रारीची सोयही आहे. पण तक्रार ऐकली जाईपर्यंत शेत गेलेलं असतं. भरपाई म्हणजे वरातीमागून घोडं. ज्या करारात गुंतवणूकदाराची भरपाई आधीच लिहून ठेवता येते, त्याच करारात विस्थापितांची रक्कमही आधी बाजूला का ठेवता येऊ नये? कर्जाचा पहिला हप्ता सुटण्यापूर्वी ती जमा झाली पाहिजे, एवढी अट घालणं अवघड नाही.

आपण इथले मतदार असू, तर आपल्या प्रतिनिधीला हे विचारू शकतो. मतदार नसलो तरी कर आपण भरतोच. आपल्या नावावर दिलेली हमी नेमकी कुणाला सांभाळते, हे विचारायला तेवढा संबंध पुरेसा आहे.