आवाजाचा पत्ता

न्यायशास्त्रात शब्दाचं घर एकच, ते म्हणजे आकाश. अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह' मी कॉलेजात वर्षानुवर्षं शिकवला. शब्द हा आकाशाचा गुण, आणि आकाश एक, सर्वव्यापी, नित्य. मुलं हे पाठ करायची, परीक्षेत उतरवायची आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत विसरायची. मी निवृत्त झाले, सांगलीच्या फ्लॅटमध्ये ह्यांनी होम थिएटर बसवायचं काढलं, आणि शब्द नेमका असतो कुठे या जुन्या भांडणात मी पुन्हा ओढली गेले. या खेपेला समोर मीमांसक नव्हते. मिरजेहून आलेला एक तरुण होता, हातात ड्रिल मशीन आणि खांद्यावर वायरचं भेंडोळं.

भांडण असं आहे. मीमांसक म्हणतात, शब्द नित्य आहे, आपल्या तोंडचा ध्वनी त्याला फक्त प्रकट करतो. नैयायिक म्हणतात, छे, तो उपजतो आणि मरतो. काठी नगाऱ्यावर पडली की संयोगातून शब्द उपजतो, बांबू चिरला की विभागातून. पण हा पहिला शब्द आपण ऐकतच नाही. तो दुसऱ्याला जन्म देऊन जातो, दुसरा तिसऱ्याला, आणि कानाच्या पोकळीतल्या आकाशात जो उपजतो तेवढाच आपल्या वाट्याला येतो. हा वंश वाढतो कसा, यावरही दोन मतं आहेत. एकांचा वीचीतरंगन्याय, पाण्यावर लाटेतून लाट. दुसऱ्यांचा कदंबगोलकन्याय, कदंबाच्या कळीला सगळीकडून एकदम केसर फुटतात तसा.

'आपल्या पूर्वजांना हे सगळं आधीच ठाऊक होतं' असं कुणी सुरू केलं की मी पाणी आणायला म्हणून आत निघून जाते. आवाज हवेच्या दाबातल्या चढउतारांनी पुढे सरकतो, आकाश नावाच्या द्रव्याची त्याला गरज नाही. अन्नंभट्टाचं उत्तर आज टिकत नाही. प्रश्न मात्र जसाच्या तसा उभा आहे. ऐकलेला आवाज असतो कुठे? जिथून निघाला तिथे, जिथे ऐकला तिथे, की मधे?

खरेदीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. दुकानातल्या डेमो-खोलीत सगळेच स्पीकर छान वाजतात, आणि जो किंचित मोठ्यांदा लावलेला असतो तो सगळ्यांत छान वाजतो. तेव्हा दोन स्पीकरांची तुलना करायची तर आधी दोन्हींचा आवाज सारखा करून घ्यावा. त्या मुलाच्या सल्ल्याने आम्ही समोर दोन बुकशेल्फ, मधे एक सेंटर, मागे दोन छोटे सराउंड आणि 10 इंची, बंद पेटीचा सबवूफर घेतला. छतातूनही आवाज यावा अशी ह्यांची इच्छा होती. डॉल्बी अ‍ॅटमॉस 2012 साली आलं तेव्हापासून ते त्याबद्दल वाचत आहेत. छताला भोकं पाडायला मी परवानगी दिली नाही.

मुलाने आधी समोरचे दोनच जोडले. टीव्हीच्या दोन अंगांना, सोफ्यावरून पाहिलं तर मध्यापासून प्रत्येकी तीसेक अंशांवर, चढे सूर वाजवणारा ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला. मी एक जुनं मोनो ध्वनिमुद्रण लावायला सांगितलं, ख्यालाचं. दोन्ही स्पीकर तेच वाजवत होते आणि गवई मात्र बरोबर मधोमध बसला होता, जिथे भिंतीखेरीज काही नव्हतं.

"बघा की काकू, कान कसा फसतोय," तो म्हणाला.

हे 'फसतोय' मला मान्य होईना. वेदान्ती भ्रमाचे दोन प्रकार करतात. दोरीवर साप दिसला, दिवा आणला, साप गेला, तो पुन्हा दिसत नाही. हा निरुपाधिक भ्रम. पण स्फटिकाशेजारी जास्वंद ठेवली तर स्फटिक तांबडा दिसतो, आणि तो पांढरा आहे हे पक्कं ठाऊक असूनही तांबडाच दिसत राहतो. फूल उचलेपर्यंत ज्ञानाचा काही इलाज चालत नाही. हा सोपाधिक. मधोमध बसलेला गवई या दुसऱ्या जातीचा. तिथे स्पीकर नाही हे मला ठाऊक होतं, मी उठून भिंतीला हातही लावून आले, तरी बसल्याबरोबर गाणं पुन्हा तिथूनच सुरू. इथली उपाधी म्हणजे माझी बसायची जागा. दोन्हीकडून सारखा आवाज एकाच क्षणी पोचतो म्हणून गवई मधे. हे डावीकडच्या त्यांच्या आरामखुर्चीत जाऊन बसले तर गवई घसरत जाऊन डाव्या स्पीकरमध्ये शिरला. जो आवाज काही हजारांश सेकंद आधी येतो त्याच्याकडूनच सगळं आलं असं कान धरून चालतो. हेल्मुट हासने 1949 मध्ये हे मोजून दाखवलं, आणि आवाज अभियंते आजही त्याला हासचंच नाव देतात.

मग खरा गवई समोर बसला असता तर कानाने वेगळं काय केलं असतं? हेच. दोन कानांवर आलेलं जुळवलं असतं आणि जागा ठरवली असती. समोर माणूस आहे की भिंत, हे कानाला कधीच कळत नसतं. म्हणून मी त्या मुलाला म्हटलं, फसवणूक असलीच तर ती दोन्हीकडे सारखी आहे. एकीला प्रत्यक्ष म्हणायचं आणि दुसरीला भ्रम, हा निवाडा डोळ्यांचा. कानाने तो दिलेला नाही. तो हसला आणि सेंटर स्पीकर जोडायला लागला. सिनेमातला संवाद पडद्याच्या मध्याला खिळवून ठेवायचा, कुणी कुठेही बसो, हेच सेंटरचं काम. असं सांगतात, की अ‍ॅलन ब्लमलाइन होणाऱ्या बायकोबरोबर सिनेमाला गेला होता, नट पडद्याच्या या टोकाला आणि त्याचा आवाज भलतीकडे, हे त्याला सहन होईना. डिसेंबर 1931 मध्ये त्याने स्टीरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला. गोष्ट खरी असो नसो, त्या बाईंना सिनेमा नीट बघू दिला नसणार हे मी अनुभवाने सांगू शकते.

खरा घोळ सबवूफरने घातला. 80 हर्ट्झच्या खाली गेलं की लाटेची लांबी चार मीटरांहून जास्त होते. आपलं डोकं वीतभर रुंद. दोन्ही कानांवर जवळजवळ एकच गोष्ट पोचते, जुळवायला फरकच उरत नाही आणि दिशा कळेनाशी होते. म्हणून टॉमलिन्सन होल्मनच्या टीएचएक्सने 80 हा आकडा धरला आणि तो घरोघरच्या रिसीव्हरमध्ये रुजला. खालचं सगळं सबवूफरकडे, वरचं बाकीच्यांकडे. कदंबगोलक म्हणावा तो हा, दाही दिशांना सारखा. ट्वीटरला मात्र यातला कुठलाच न्याय लागू पडत नाही, तोंड कराल तिकडेच तो बोलतो.

दिशा कळत नाही म्हणून सब कुठेही ठेवावा, असं ह्यांचं म्हणणं. ठेवला टीव्हीच्या कपाटाशेजारी. सोफ्यावर बसलं तर बेस जवळपास नाहीच, आणि मागे स्वयंपाकघराच्या दारात उभं राहिलं तर छातीत घुमतोय. आमची खोली लांबीला 14 फूट. आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. हिशेब केला तर 40 हर्ट्झची निम्मी लाट या दोन भिंतींत नेमकी मावते. अशी लाट भिंतींपाशी जोरात असते आणि मधोमध तिचा दाब शून्यावर येतो. आमचा सोफा मधोमध.

मग त्या मुलाने सबवूफर उचलून सोफ्यावर माझ्या जागेवर ठेवला, तानपुऱ्याची एक लांब ध्वनिफीत लावली, आणि स्वतः गुडघ्यांवर रांगत, कान जमिनीलगत धरून, भिंतीच्या कडेकडेने फिरू लागला. खुर्चीखाली, फ्रिजमागे, देवघराच्या कोपऱ्यात. जिथे खर्ज भरीव आणि सारखा ऐकू आला तिथे त्याने खडूची खूण केली आणि सब तिथे आणून ठेवला. मी सोफ्यावर बसले. खर्ज आला.

या रांगण्यामागचं तत्त्व एकोणिसाव्या शतकात हेल्महोल्ट्झ आणि रॅले यांनी मांडलं आहे. बोलणारा आणि ऐकणारा यांच्या जागा अदलाबदल करा, ऐकू येणारं बदलत नाही. सोफ्यावरच्या सबचा आवाज कोपऱ्यात जसा, तसाच कोपऱ्यातल्या सबचा सोफ्यावर. मी कितीतरी वेळ या एका वाक्याशी अडून बसले. वक्ता बदलला, श्रोता बदलला, आणि जे टिकलं ते दोघांच्या मधलं. निदान या खालच्या सुरांपुरतं तरी आवाज पेटीचा नाही आणि कानाचाही नाही. तो खोलीचा आहे. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तार लावणारे कारागीर हे कुणाही तत्त्वज्ञाच्या आधी मान्य करतील. नुसती तार छेडली तर डास गुणगुणावा इतकं ऐकू येतं. मंगळवेढ्याकडून आलेला भोपळा लागतो. आमची बैठकीची खोली हा 14 फुटी भोपळाच, फक्त त्यात सोफा आणि आम्ही दोघं राहतो.

आणि त्यातून त्या तानपुऱ्याचा आणखी एक गुंता. काळी एकला लावलेल्या तानपुऱ्याचा खर्ज 69 हर्ट्झच्या आसपास, म्हणजे तो सबमधून येतो. त्याच तारेचे उपस्वर, 139, 208 आणि वरचे सगळे, समोरच्या स्पीकरांतून. एक तार खोलीच्या तीन कोपऱ्यांत वाटली गेली आहे, आणि ऐकताना ती एकसंध, समोरच. अवयवांहून वेगळा अवयवी असतो की नाही, यावर नैयायिक आणि बौद्ध शतकानुशतकं भांडले. नैयायिकांनी माझा सोफा साक्षीला घ्यायला हरकत नव्हती. अर्थात बौद्धही तोच सोफा घेऊन आले असते.

सिनेमा लावला तेव्हा एक व्याख्या मोडली. शब्द म्हणजे जो फक्त कानाने कळतो तो. पंचवीस हर्ट्झचा स्फोट मला आधी तळपायांना कळला, मग मांडीवरच्या ताटलीला. तो शब्द म्हणावा की स्पर्श? मी अजून ठरवलेलं नाही. खालच्या मजल्यावर मात्र ते ठरलेलं होतं. दुसऱ्या दिवशी जिन्यात तिथल्या आजी भेटल्या. "तुमच्याकडचं काही ऐकू येत नाही हो," त्या म्हणाल्या, "पण रात्री माझ्या कपाटातली भांडी वाजतात."

नियम पाहिले. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री दहा ते सहा 45 डेसिबल. हे मोजायचं ते 'ए' मापाने, माणसाच्या कानाची आवड सांभाळून. मंद आवाजात कानाला खालचे सूर फारसे ऐकू येत नाहीत, म्हणून ते मापही त्यांना सूट देतं. 50 हर्ट्झला ही सूट 30 डेसिबलची आहे. आजींच्या स्वयंपाकघरात 50 हर्ट्झचा 75 डेसिबल उतरला तरी यंत्र 45 दाखवेल, आणि आम्ही निर्दोष सुटू. ह्यांना हा हिशेब फार आवडला.

मला अन्नंभट्ट आठवला, कारण आकाश एक आहे हे वाक्य इथे अचानक कामाला येत होतं. घटाकाश, मठाकाश हे भेद भिंतीमुळे भासणारे. आमची भिंत ट्वीटरपुरतीच भिंत आहे. 40 हर्ट्झला ती फारशी जाणवत नाही, स्लॅब तर स्वतःच थरथरतो. सबखाली रबरी पॅड घातले, त्याने थोडा फरक पडला.

त्या मुलाने कॅलिब्रेशनच्या माइकची वायर गुंडाळता गुंडाळता विचारलं, "पण काकू, आजींच्या कपाटात वाजलं ते आपलं कसं? भांडं भांड्यावर आपटलं, आवाज भांड्यांचा."

प्रश्न अस्सल नैयायिकाचा होता. शब्दाची कारणं तीन. समवायी कारण आकाश, ते कुणाच्याच मालकीचं नाही. असमवायी कारण संयोग, तो आजींच्या पातेल्यांचा आकाशाशी. उरलं निमित्त. नगारा वाजला तर निमित्त काठी, आणि काठीमागे ती धरणारा. आमच्या घरात रिमोट कुणाच्या हातात असतो हे त्यालाही दिसत होतं. आजींनी तर सब पाहिलाही नव्हता. धुरावरून अग्नी ओळखावा तसा त्यांनी तो भांड्यांवरून ओळखला, आणि अनुमान बिनचूक होतं.

आता रात्री दहाला सबचं बटण बंद होतं. ह्यांचा युक्तिवाद असा, की मग ऐकण्यात अर्थच नाही. तो अर्धाच खरा आहे. 69 हर्ट्झ गेला तरी 139, 208, 277 असे त्याचे उपस्वर वाजत राहतात, त्यांच्यातलं समान अंतर ओळखून कान मूळ सूर स्वतः भरून काढतो. मोबाइलच्या बारक्या स्पीकरवरसुद्धा तानपुऱ्याचा खर्ज कळतो तो यामुळेच. कुणी याला अनाहत नाद म्हणू नये, हा हिशेबाचा भाग आहे. पण खर्जाचं वजन जातं, फक्त सूर उरतो, हे ह्यांचं म्हणणं मला मान्य आहे. सिनेमातल्या स्फोटाला मात्र असे शिस्तीतले उपस्वर नसतात, त्यामुळे कानाला भरून काढण्यासारखं काही मिळत नाही आणि तो नुसता फुसका होतो. म्हणून आमच्याकडे रात्री गाणं आणि सिनेमा दिवसा. आजी दुपारी दोन ते चार झोपतात, तेवढा वेळ सोडून.