नकलेचे इमान

'नक्कल' हा शब्द आपण नाक मुरडूनच उच्चारतो. पण कोल्हापुरासारख्या गावात, जेथे गाणे गुरूच्या गळ्यातून शिष्याच्या गळ्यात असेच उतरत आले, तेथे नकलेला हलके लेखणे मला कधी पटले नाही. उचलल्यावाचून विद्या येत नाही. प्रश्न एवढाच की उचलायचे काय, आणि उचलल्यावर लोकांना सांगायचे काय?

हा विचार डोक्यात आला तो माझ्या भाच्यामुळे. राजारामपुरीतल्या आपल्या खोलीत तो गेले दोन महिने एका गाण्याच्या शेवटची गिटार ध्वनिमुद्रित करीत आहे. ईगल्स या अमेरिकन चमूचे 'हॉटेल कॅलिफोर्निया' हे १९७६ सालचे गाणे. शब्द संपल्यावर डॉन फेल्डर आणि जो वॉल्श हे दोघे गिटारवादक आळीपाळीने वाजवतात, आणि अखेरीस दोन्ही गिटारी जोडीने चालू लागतात. तार ओढून चढवलेला प्रत्येक स्वर जसाच्या तसा यावा, हा भाच्याचा हट्ट. बोटांना घट्टे पडले आहेत आणि शेजाऱ्यांना ती सुरावट पाठ झाली आहे.

या वादनाची एक हकीकत फेल्डरनेच सांगितली आहे. चालीचा पहिला खर्डा त्याने घरी फितीवर वाजवून ठेवला होता. पुढे मायामीच्या स्टुडिओत तो नव्याने काही वाजवू लागला, तेव्हा डॉन हेन्लीने त्याला थांबवले. फितीवर आहे तसेच हवे म्हणाला. फीत तर दूर मालिबूला, घरी. मग घरकाम करणाऱ्या बाईंना फोन करून ती लावायला सांगितली, आणि फेल्डरने आपलेच वादन फोनवर ऐकून पुन्हा बसवले. म्हणजे या तुकड्याची पहिली नक्कल मूळ वादकानेच केली!

हे ऐकून मला अल्लादियाखाँसाहेब आठवले. शाहू महाराजांच्या दरबारात ते गायक होते. त्याआधी, उमेदीच्या काळात, अतिगायनाने त्यांचा आवाज बसला. परतला तो पूर्वीचा नव्हता. त्या आवाजाला पेलेल अशी पेचदार तानांची गायकी त्यांनी घडवली. आता गंमत पाहा : त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांचा आवाज भरदार आणि खुला. त्यांनी गुरूची वाट घेतली. घशाची अडचण कशाला घ्यावी? भुर्जीखाँकडे शिकलेले मल्लिकार्जुन मन्सूर गातात ते आणखी तिसरेच वाटते, तरी घराणे एकच. खाँसाहेबांनी ध्वनिमुद्रिका दिल्या नाहीत, त्यामुळे मोजपट्टी लावायला कोणाकडे काही उरले नाही. भाच्याजवळ मात्र मोजपट्टीच आहे. तो स्वराला स्वर लावून पाहतो आणि केसभर फरक पडला तरी पुसतो. चिकाटीबद्दल मला त्याचा अभिमान वाटतो, गाणे मात्र त्यात थोडे गुदमरते.

पण आमचा खरा वाद निराळाच आहे. अकरा वेळा वाजवून त्यातले चांगले तुकडे त्याने संगणकावर जोडले, आणि आपले हात दिसतील असे चित्रण वर बसवले. "मामा, सगळेच असे करतात," तो म्हणाला. "पिंक फ्लॉइडच्या 'कम्फर्टेबली नम्ब'मध्ये गिलमोरनेही अनेकदा वाजवून तुकडे निवडूनच सोलो बांधलाय." खरे आहे. पण गिलमोरने ध्वनिमुद्रिका केली. मी एका दमात वाजवतो, पाहा, असे तो म्हणत नव्हता. हात दाखवले की तेच म्हटल्यासारखे होते.

"खाली 'तुकडे जोडले आहेत' असे लिहिले तर ऐकणाऱ्याची मजा जाईल," तो म्हणतो. थोडी जाईलही. पण मला ऐकणाऱ्याची तेवढी काळजी नाही. गडहिंग्लजला नाहीतर कागलला एखादा पोर उधारीची गिटार मांडीवर घेऊन हे पाहील. हा एका बैठकीत इतके स्वच्छ वाजवतो आणि आपल्याला महिनाभरात जमत नाही, असे समजून तो गिटार खाली ठेवील. त्याला कोण सांगणार की अकरा वेळा चुकले होते?

अखेरच्या जोडगिटारीचे तसे नाही. ती एकट्याला एका वेळी वाजवणे शक्यच नाही. दोन मुद्रणे एकावर एक ठेवावीच लागतात, आणि हात दोनच आहेत हे पाहणाऱ्यालाही दिसते. त्या भागाबद्दल माझी काही तक्रार नाही. तो त्याने वाजवलाही आहे फार सुरेख.