झांकणें आणि लपविणें

आपल्या भाषेंत झांकण्याविषयीं दोन परस्परविरुद्ध मतें आजवर सुखानें एकत्र नांदत आलीं आहेत. ‘झांकली मूठ सव्वा लाखाची’ असें म्हणून ती मूठ न उघडण्यांतलें शहाणपण आपण मुलांस शिकवितों. आणि वरचें नांव व आंतली वस्तु यांची फारकत दिसली, कीं ‘नांव सोनूबाई अन् हातीं कथलाचा वाळा’ म्हणून हंसतों. या दोन म्हणींपैकीं कोणती खरी, हा प्रश्न आम्हांस पुष्कळ वर्षें पडला नव्हता. तो पडला एका जुन्या मोटारीमुळें. आणि ज्या रीतीनें पडला, ती सांगतांना थोडा संकोच वाटतो.

मसुऱ्यास आमच्या अंगणांत ही मोटार उभी असे. तिला बारा वर्षें होऊन गेलीं होतीं. यंत्र कुरकुर करीत नव्हतें. पण आंतील प्लॅस्टिकची कळा पार गेली होती. त्यांत गाडीचा दोष म्हणावा असें कांहीं नाहीं. उन्हांतील अतिनील किरण प्लॅस्टिकच्या लांबलांब रेणुमाला तोडीत असतात. त्यानें पृष्ठभाग फिकट व खरखरीत होतो, आणि पुढें त्यास बारीक चिरा पडतात. कांहीं भागांवर स्पर्श मऊ लागावा म्हणून रबरासारखा लेप दिलेला असतो. उष्णता, हाताचा घाम आणि कालावल खाडीच्या कांठची दमट हवा यांपुढें तो लेप टिकत नाहीं. तो चिकट होतो आणि बोटांस लागूं लागतो. पाहुणे दार उघडून आंत बसले, कीं हात कोठें ठेवावा या विचारांत पडत.

अशा प्लॅस्टिकवर चिकटविण्याची शोभेची फिल्म बाजारांत मिळते. कोणती सागवानासारखी, कोणती घांसलेल्या पत्र्यासारखी, कोणती काळ्या विणीच्या कापडासारखी. आम्हीं सागवानी आणली आणि श्रावणांत सवड काढून स्वतःच काम आरंभिलें. काम दिसतें तितकें सोपें नाहीं. आधीं सर्व पट्ट्या क्लिपा न मोडतां हलकेच उचकटून काढाव्या लागतात. त्या साबणाच्या पाण्यानें धुऊन स्पिरिटनें पुसाव्या लागतात, कारण तेलाचा लवलेशहि राहिला तर फिल्म उचलते. त्यांतून मोटारीच्या आंतील पुष्कळसें प्लॅस्टिक पॉलिप्रॉपिलीन जातीचें असतें, आणि त्याचा स्वभावच असा, कीं गोंद त्यास सहसा धरीत नाहीं. म्हणून कडांना आधीं प्रायमर लावणें भाग पडतें. ओरखडे बारीक पॉलिशकागदानें घांसावयाचे. मग फिल्मच्या पाठीचा कागद थोडा थोडा सोलीत, आंतली हवा मधून कडेकडे दाबून काढीत पुढें जावयाचें. वळणावर केंस सुकविण्याच्या यंत्राची ऊब दिली म्हणजे फिल्म मऊ होऊन वळते. शेवटीं कडा बोटभर आंत दुमडून पुन्हा तापवून दाबावयाच्या.

दोन जागा मात्र आम्हीं मुद्दाम मोकळ्या सोडल्या: स्टिअरिंगचा मधला भाग आणि शेजारच्या बैठकीसमोरचें झांकण. त्यांच्या आड एअरबॅगा असतात, आणि अपघाताच्या क्षणीं त्या वरचें आवरण ठरलेल्या शिवणीवर फाडून डोळ्याचें पातें लवण्याच्या आंत बाहेर यावयाच्या असतात. ती शिवण चिकटवून टाकणें म्हणजे शोभेसाठीं जीव धोक्यांत घालणें होय. याच कामांत आणखी एक गोष्ट आम्हीं शिकलों. फिल्म रंग झांकते. खळगा झांकीत नाहीं. खालचा खळगा बुजविल्याशिवाय तशीच चिकटविली, तर तो आधींपेक्षांहि उठून दिसतो.

चार दिवसांत गाडी आंतून ओळखूं येईनाशी झाली. सौभाग्यवतींनीं दोनदां हात फिरवून पाहिला आणि इतकेंच विचारलें, ‘‘पण हें लांकूड नव्हेच ना?’’ त्या साध्या प्रश्नानें आमचा आनंद थोडा उणावला. प्लॅस्टिकनें सागवानाचें सोंग घेणें ही लबाडी म्हणावी कीं काय?

या प्रश्नाचा ऊहापोह आमच्यापूर्वीं पुष्कळांनीं केलेला आहे. पहिल्या शतकांतील रोमन ग्रंथकार प्लिनी यानें हलक्या लांकडावर भारी लांकडाचा पातळ पापुद्रा चढविण्याच्या चालीवर तोंडसुख घेतलें आहे. आणि पुढें कांसवाच्या पाठीलाच लांकडासारखा रंग देण्याची टूम निघाली, तेव्हां तर त्याच्या नवलास पार राहिला नाहीं. इंग्रज पंडित रस्किन यानें १८४९ सालच्या आपल्या ‘सेव्हन लॅम्प्स ऑफ आर्किटेक्चर’ या ग्रंथांत याहून कडक भूमिका घेतली. एका द्रव्यानें दुसऱ्या द्रव्याचें रूप घेणें, लांकडावर संगमरवराच्या रेषा रंगविणें, हें त्याच्या मतें इमारतीनें बोललेलें असत्य होय. पण त्यानेंच सोन्याच्या मुलाम्याला एक सूट दिली आहे, आणि ती फार मार्मिक आहे. इमारतीवरील मुलामा ही फसवणूक नव्हे, कारण तेथें तो भरीव सोनें आहे असें कोणी समजतच नाहीं. दागिन्यावरील मुलामा मात्र फसवणूक होय, कारण तेथें तो सोनें म्हणून घेतला जातो. म्हणजे खोटेपणा मुलाम्यांत नसून पाहणाऱ्याच्या समजुतींत, व ती समजूत आपल्या फायद्यासाठीं तशीच राहूं देण्यांत आहे.

या कसोटीला लावतां आमची फिल्म सहज सुटते. अमेरिकेंत एके काळीं मोटारींच्या बाजू खरोखरीच लांकडाच्या असत. १९५० नंतरच्या दशकांत त्यांची जागा लांकडाच्या छापाच्या फिल्मनें घेतली, आणि घेणाऱ्यांनीं ती फिल्म म्हणूनच घेतली. आमच्या गाडींत बसून हें अस्सल सागवान आहे असें मानणारा माणूस आम्हांस अद्याप भेटलेला नाहीं.

शिवाय झांकण्याचें पाप आपल्या घरांतून कधीं हद्दपार होतें? कोंकणांतली जमीन शेणानें सारवलेली असे. ती मातीवरची एक पातळ कायाच होती, आणि सणासुदीला ती नवी होई. तांब्यापितळेच्या भांड्यांस कल्हई लागे. नवसागरानें भांडें स्वच्छ करून तापल्या अंगावर कथील फिरविलें, कीं ताक, चिंच, कोकम यांचा आंबटपणा तांब्यास भिडत नसे. म्हणीनें ज्या कथलाची थट्टा केली, तेंच कथील येथें जेवणाऱ्याच्या जिवाचें रक्षण करी. सावंतवाडीच्या चितारआळींतील कारागीर चरकावर फिरणाऱ्या लांकडावर लाखेची कांडी धरतात. घर्षणाच्या उष्णतेनें लाख वितळून लांकडावर बसते, आणि केवड्याच्या पानानें घांसतांच चकाकूं लागते. त्या रंगीत फळाखालीं लांकूड आहे, हें तें हातीं घेणाऱ्या पोरालाहि ठाऊक असतें. सारवण, कल्हई आणि लाख या तिहींचा एक समान गुण आहे: खालीं काय आहे हें त्या कोणापासून चोरीत नाहींत, आणि झिजल्या, कीं स्वतःच तसें सांगतात.

एवढा युक्तिवाद जमल्यावर आम्ही निश्चिंत झालों. ही निश्चिंती फार दिवस टिकली नाहीं.

मागच्या माघांत आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेच्या सुमारास मुंबईकर चाकरमानी गांवीं आले. आंगणेवाडी ही आमच्या मसुऱ्याचीच वाडी; त्या दिवसांत रस्त्यांवर मोटारींच्या रांगा लागतात, आणि जुन्या गाड्यांचे सौदेहि त्यांतच होतात. शेजारच्या वाडींतला एक तरुण गाडी पाहण्यास आला. नवेंच लग्न झालेलें; म्हातारी आई वरचेवर दवाखान्यांत न्यावी लागे, म्हणून गाडी हवी. त्यानें दार उघडलें, आंत वाकून पाहिलें आणि म्हणाला, ‘‘काकानूं, गाडी आतसून नवीच दिसता!’’

त्या शब्दांबरोबर आम्हांस एक गोष्ट आठवली. खरें सांगावयाचें तर ती आम्ही विसरलोंच नव्हतों. तीन वर्षांपूर्वीं एका आषाढांत गड नदीचा पूर आणि खाडीची भरती एकाच वेळीं आली. गाडी त्या रात्रीं खालच्या रस्त्यावर होती. सकाळीं पाणी ओसरलें तेव्हां चारी दारांच्या आंतल्या बाजूस, बैठकीच्या उंचीवर, गढूळ पाण्याची एक सरळ रेघ उमटली होती. कारागिरानें गाडी उघडून वाळविली. ती चालू झाली आणि पुढें कुरकुर न करितां चालली. पण ती रेघ प्लॅस्टिकांत इतकी मुरली होती, कीं घांसून गेली नाहीं. ती आम्हीं झांकली ती सागवानी फिल्मनें. तेव्हां मनांत कपट नव्हतें. एक डाग झांकावयाचा, इतकेंच होतें.

आतां विचार करा. गाडीचें वय आम्ही फिल्मनें लपवूं म्हटलें तरी लपणार नव्हतें. तें नोंदणीच्या पुस्तकांत छापलेलें आहे. झिजलेलें प्लॅस्टिक बारा वर्षांचें आहे हें त्या तरुणास ठाऊक होतें, आणि त्यावर चढविलेला साज साजच आहे हेंहि. परंतु गाडी एक रात्र खाऱ्या पाण्यांत होती, ही गोष्ट कोणत्याहि पुस्तकांत नव्हती. तिची साक्ष देणारी ती एकच रेघ होती. मचूळ पाणी तारांच्या सांध्यांत शिरलें तर गंज हळूहळू, वर्षानुवर्षें चढत जातो. आणि एअरबॅगांना हुकूम देणारें यंत्र बहुधा मधल्या भागांत, गाडीच्या तळालगतच बसविलेलें असतें. ज्या एअरबॅगेच्या शिवणीवर फिल्म लावूं नये म्हणून आम्हीं इतकी काळजी घेतली, तिच्याविषयींच्या शंकेचा एकमेव पुरावा आम्हीं स्वतःच्या हातानें झांकून ठेवला होता. वय झांकणें आणि घडलेली गोष्ट झांकणें या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हें आम्हांस त्या क्षणीं कळलें. सुरकुती सर्वांच्या ओळखीची असते. जखमेची खूण ज्याची त्यालाच ठाऊक असते.

त्या रात्रीं आम्हीं कायद्याचा आधार शोधला, हेंहि कबूल केलें पाहिजे. मनुष्य कायदा बहुधा कर्तव्य टाळण्याची सवड आहे का हें पाहण्यासाठींच उघडतो. १८७२ च्या करारविषयक कायद्याच्या १७ व्या कलमांत नुसतें गप्प बसणें ही सामान्यतः लबाडी मानलेली नाहीं. पण माहीत असलेली गोष्ट आपल्या कृतीनें दडवून ठेवणें ही लबाडी मानली आहे. तेथेंच घोड्याचें एक उदाहरण आहे. एकानें लिलांवांत दुसऱ्यास घोडा विकला. घोडा सदोष आहे हें त्यास माहीत होतें, पण तो कांहीं बोलला नाहीं. कायदा म्हणतो, ही लबाडी नव्हे. मात्र घेणारी त्याचीच, नुकती वयांत आलेली मुलगी असेल, तर त्यांच्या नात्यामुळेंच सांगणें हें त्याचें कर्तव्य ठरतें.

आम्हीं प्रथम या उदाहरणाच्या पूर्वार्धास मिठी मारली. फिल्म लावली तेव्हां विकण्याचा विचारहि नव्हता. मग ती दडवणूक कशी? पण हें समाधान पहांटेपर्यंत पुरलें नाहीं. फिल्म तीच होती. घेणारा दारांत आला आणि तिचा अर्थ पालटला. काल जी शोभा होती, ती आज आमचें मौन झाली होती. शिवाय लिलांवांतला परका आणि पोटची मुलगी यांच्यामध्यें कायद्यानें जी मोकळी जागा ठेविली आहे, तींतच तर आपलें सगळें आयुष्य जातें. शेजारी, गांवकरी, ओळखीचें गिऱ्हाईक हे परकेहि नव्हेत आणि पोटचेहि नव्हेत. ज्या पोरानें आम्हांस ‘काकानूं’ म्हटलें, त्यास आम्ही कोणत्या बाजूस घालणार होतों? नात्याचा शब्द ऐकून घ्यावयाचा आणि व्यवहार मात्र लिलांवांतला करावयाचा, ही सोय आपण किती वेळां करून घेतों, याचा हिशेब ज्यानें त्यानें आपल्यापाशींच केलेला बरा.

दुसऱ्या दिवशीं तो आला तेव्हां आम्हीं दारावरच्या पट्टीचा एक कोपरा तापवून फिल्म वीतभर सोलली आणि ती रेघ त्याला दाखविली. तो बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. ‘‘बघतंय,’’ एवढेंच म्हणून निघून गेला. तीन दिवस त्याचा निरोप नव्हता. आणि त्या तीन दिवसांत आपण उगाच हरिश्चंद्राचा आव आणला, असें आम्हांस एकदां नव्हे, पुष्कळदां वाटलें. खरें बोलल्यानें लगेच मनास शांति मिळते असें लिहिणारांनीं बहुधा गाडी विकलेली नसावी.

चवथ्या दिवशीं तो एका कारागिरास घेऊन आला. त्यांनीं खालची सतरंजी उचलली, तारांचे सांधे उघडून पाहिले, दोन बदलावयास काढले, एअरबॅगेचा दिवा तपासला, आणि ठरल्या रकमेंतून बरीच रक्कम कापून गाडी घेतली. जातांना त्यानें आमच्याजवळून केंस सुकविण्याचें तें यंत्र मागून घेतलें, आणि सोललेला कोपरा स्वतःच पुन्हा नीट चिकटविला. आई बसते, तिला डाग दिसूं नये, असें तो म्हणाला.

तीच रेघ, तीच फिल्म, तोच गोंद. आमच्या हातून जें लपविणें होत होतें, तें त्याच्या हातून नुसतें झांकणें झालें. मध्यें बदललें तें एवढेंच, कीं आतां त्याला ठाऊक होतें. ती मूठ आम्हीं त्याच्यापुरती उघडली, आणि तिची किंमत सव्वा लाखाहून पुष्कळ खालीं आली. उद्यां तो ती गाडी तिसऱ्यास विकील; त्या वेळीं कोपरा उचलून दाखवील कीं नाहीं, हें आमच्या हातीं नाहीं.