क्षर अक्षरं

अक्षर या शब्दाची फोड शाळेत पहिल्यांदा कळली तेव्हा मला फार नवल वाटलं होतं. जे क्षरत नाही, झिजत नाही, ते अक्षर. आनुवंशिकतेच्या लिपीबद्दल विज्ञानाचीही बराच काळ हीच समजूत होती. ती समजूत ज्या तऱ्हेने मागे पडली, ते मला या शास्त्रातलं सर्वांत मोलाचं शिक्षण वाटतं.

फेब्रुवारी १९४३मध्ये एर्विन श्रोडिंगर यांनी डब्लिनला काही व्याख्यानं दिली. भौतिकशास्त्राच्या या माणसाला एका ओठाने कोड्यात टाकलं होतं. ऑस्ट्रियाच्या हाब्सबर्ग राजघराण्यात खालचा ओठ पुढे आलेला असे आणि पिढ्यानपिढ्यांच्या चित्रांत तो दिसतो. म्हणजे त्या ओठाचं जनुक शतकानुशतकं शरीराच्या उबेत, सुमारे ३७ अंशांवर राहिलं आणि तरी बिघडलं नाही. या उबेत रेणू सतत थरथरत असतात, एकमेकांवर आदळत असतात. मग हे जनुक टिकलं कसं? श्रोडिंगर यांचं उत्तर होतं: रेणूच्या बांधणीमुळे. अणूंमधले बंध असे घट्ट असतात की साध्या धक्क्यांना ते दाद देत नाहीत.

हे उत्तर पटण्यासारखंच होतं. १९२७मध्ये हर्मन मलर यांनी फळमाश्यांवर क्ष-किरण सोडून उत्परिवर्तनांचं प्रमाण दीडशे पटींच्या आसपास वाढवून दाखवलं होतं. म्हणजे जनुक बदलायचं तर बाहेरून जबर घाव बसायला हवा. १९५३मध्ये डीएनएची दुपेडी रचना सापडली आणि तिच्या देखणेपणामुळे ही समजूत आणखी पक्की झाली असावी. डीएनएच्या दुरुस्तीत विकरांचा हात असू शकेल हे आमच्या ध्यानातच आलं नाही, अशी कबुली ती रचना शोधणाऱ्यांपैकी एक असलेल्या फ्रान्सिस क्रिक यांनी १९७४मध्ये दिली. क्रिकसारख्याच्या नजरेतून हे निसटलं, कारण जे मोडत नाही असं आपण धरून चालतो, त्याची डागडुजी कोण करतं हा प्रश्नच मनात येत नाही.

खरं तर खूण आधीच मिळाली होती. १९४०च्या दशकाच्या अखेरीस कोल्ड स्प्रिंग हार्बरच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट केलनर अतिनील किरणांनी जिवाणूंचे बीजाणू मारत होते आणि उरलेल्यांवर तापमानाचा काय परिणाम होतो ते पाहत होते. आकडे मात्र काही केल्या जुळेनात. तोच प्रयोग, तेच तापमान, तरी कधी मूठभर जगत तर कधी कैक पटींनी जास्त. शेवटी लक्षात आलं की काही बाटल्यांवर खिडकीतून उजेड पडत होता. ज्यांना उजेड मिळाला, ते सावरले. मेल्यात जमा झालेला जीव साध्या दिवसाच्या प्रकाशात परत उठत होता. पुढे यामागचं विकरही सापडलं. प्रकाशाची ऊर्जा घेऊन ते अतिनील किरणांमुळे एकमेकांना चिकटलेली डीएनएतली अक्षरं सोडवतं.

१९६४च्या सुमारास अंधारात चालणारी दुरुस्तीही उघड झाली. तिची पद्धत वाचताना मला मावशीची शाल आठवते. उंदराने कुरतडलेली ती शाल घेऊन आम्ही रफूवाल्या आजोबांकडे गेलो होतो. त्यांनी आधी भोकाच्या कडेचे विरलेले धागे कापून ते आणखी मोठं केलं. मावशीचा चेहरा पडला. मग त्यांनी शालीच्याच आतल्या दुमडीतून धागे ओढून काढले आणि शेजारची वीण पाहत एक वर, एक खाली असे भरत गेले. पेशीही असंच करते. बिघडलेली असतात शेजारशेजारची दोन अक्षरं, पण माणसाच्या पेशीत त्या पेडाचा तीसेक अक्षरांचा तुकडा कापून टाकला जातो आणि समोरचा शाबूत पेड पाहून तो नव्याने भरला जातो. दुपेडी असण्याचा खरा फायदा इथे कळतो. एक पेड बिघडला तर काय होतं हे सांगायला दुसरा असतो.

तरीही दुरुस्ती ही संकटकाळची सोय आहे, ऊन लागलं, किरण लागले तर कामी येणारी, असंच बहुतेकांना वाटत होतं. हा शेवटचा पडदा स्वीडनच्या टोमास लिंडाल यांनी दूर केला. प्रिन्स्टनला असताना त्यांनी आरएनएचे नमुने तापवल्यावर ते पार मोडून पडताना पाहिले होते. मग डीएनए तरी खरंच इतका पक्का आहे का? स्टॉकहोमला परतल्यावर त्यांनी डीएनए नुसता द्रावणात ठेवला, तापवला, ढासळण्याचा वेग मोजला आणि त्यावरून ३७ अंशांचा हिशेब मांडला. कुठलाही किरण नाही, विष नाही, केवळ पाणी आणि ऊब. एवढ्यावरच माणसाच्या एकेका पेशीत रोज सुमारे १०,००० अक्षरं डीएनएच्या कण्यापासून गळून पडत असणार, असा आकडा आला. शिवाय रोज शंभरेक ठिकाणी सायटोसिनचं युरॅसिल होतं, म्हणजे एक अक्षर आपोआप दुसऱ्याच अक्षरात बदलतं.

श्रोडिंगर यांच्या कोड्याला हे उत्तर होतं आणि ते अगदी उलट होतं. ओठ टिकला तो बंध घट्ट होते म्हणून नव्हे. ते सुटत राहिले आणि कोणीतरी रोज बांधत राहिलं, म्हणून टिकला. लिंडाल यांनी मग त्या ‘कोणीतरी’चा शोध घेतला आणि १९७४मध्ये नेमकं युरॅसिल हुडकून काढणारं विकर दाखवलं. आरएनएत युरॅसिल चालतं, पण डीएनएत त्याच्या जागी थायमिन का, याचा खुलासाही इथे होतो. युरॅसिल डीएनएचं नेहमीचं अक्षर असतं, तर मूळचं कोणतं आणि बिघडून आलेलं कोणतं हे ओळखायचं कसं? चूक उठून दिसावी म्हणून वर्णमालेतलंच अक्षर वेगळं ठेवलेलं आहे. या गोष्टीपाशी मी दर वेळी थांबते. लिंडाल, पॉल मॉड्रिच आणि अझीझ सँजार यांना डीएनएच्या दुरुस्तीवरच्या कामांसाठी २०१५चं नोबेल मिळालं.

पेशी सगळ्याच चुकांचा इतका बाऊ करत नाही. रायबोसोमवर प्रथिन गुंफताना साधारण दहा हजारांत एक अमिनो आम्ल चुकीचं बसतं. पेशी ते चालवून घेते, कारण बिघडलेलं प्रथिन मोडून नवं करता येतं. मूळ प्रतच चुकली तर मात्र तिच्यावरून बनणारं प्रत्येक प्रथिन चुकतं. नंदुरबार किंवा गडचिरोलीच्या पाड्यांवर सिकलसेलच्या वेदनेने कळवळणारी मुलं आहेत. त्यांच्या हिमोग्लोबिनच्या जनुकात एका ठिकाणी ‘ए’च्या जागी ‘टी’ आहे. त्यामुळे साखळीतलं सहावं अमिनो आम्ल बदलतं आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. एवढा एकच बदल. दुरुस्तीच्या नजरेतून तो कधीतरी निसटला आणि मलेरियाच्या मुलखात, एका पालकाकडूनच तो मिळालेल्यांना संरक्षण देत राहिल्याने टिकून राहिला.

दुरुस्तीच नसेल तर काय होतं, हे व्हिएन्नाच्या मोरित्झ कापोशी यांनी १९व्या शतकातच पाहिलं होतं, फक्त त्याचा अर्थ तेव्हा लागणं शक्य नव्हतं. उन्हाने कातडी कोरडी, डागाळलेली होऊन लहानपणीच कर्करोग होणाऱ्या त्या मुलांच्या पेशी अतिनील किरणांनी झालेली इजा भरून काढू शकत नाहीत, हे जेम्स क्लीव्हर यांनी १९६८मध्ये दाखवलं. या आजाराबद्दल त्यांनी वर्तमानपत्रात वाचलं होतं.

फिलिप हॅनवॉल्ट यांच्या गटाने १९८५ ते १९८७च्या दरम्यान पुढची गोष्ट शोधली. पेशी सगळा डीएनए एकाच वेगाने दुरुस्त करत नाही. जी जनुकं वाचली जात असतात, ती आधी होतात, आणि त्यातही वाचला जाणारा पेड आधी. प्रथिनासाठी आरएनएची नक्कल काढत सरकणारं विकर बिघडलेल्या जागी अडतं, अक्षरांवर बोट ठेवून वाचणारं मूल अडखळतं तसं, आणि त्याचं अडणं हीच दुरुस्तीला हाक ठरते. कॉकेन नावाच्या दुर्मीळ आजारात ही हाक पोहोचत नाही. त्या मुलांनाही ऊन सोसत नाही, पण त्यांना कातडीचा कर्करोग होत नाही. ती वाढत नाहीत आणि कोवळ्या वयात म्हातारी दिसू लागतात. बोट तिथेच टेकलेलं राहतं आणि ते सोडवायला कोणी येत नाही.